खापरांच्या मातीत दडलेला विदर्भाचा इतिहास

गांधीबाग (नागपूर) : उन्हाळ्यात गांधीबागेतील दुकानांपुढे ठेवलेल्या माठातले पाणी गार राहते, ते मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होत असल्यामुळे. हीच छिद्रे पुरातत्त्वज्ञांच्याही उपयोगी पडतात. स्वयंपाकाच्या मडक्यातील अन्नाचा स्निग्धांश त्यांत शोषला जातो आणि अनुकूल परिस्थितीत हजारो वर्षे टिकतो. त्यामुळे उत्खननात मिळणारे साधे खापरही मोलाचा पुरावा ठरते.

नागपूरच्या परिसरात अशा पुराव्याची वाण नाही. जुनापाणी येथील शिलावर्तुळांचे उत्खनन रिव्हेट-कार्नॅक यांनी केले. पुढे नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा (१९६८-६९) व माहूरझरी (१९७०-७२) येथे उत्खनन केले. इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातील या महापाषाणीय संस्कृतीच्या अवशेषांत लोखंडी हत्यारांसोबत काळी-तांबडी व अभ्रकयुक्त तांबडी भांडी आढळतात.

माती कोठली? : खापराचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की त्यातील खनिजे ओळखता येतात. नागपूर दोन भूस्तरांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेस बेसॉल्ट, तर पूर्वेस व उत्तरेस अभ्रक असलेले प्राचीन नाइस व शिस्ट खडक आहेत. बेसॉल्टच्या काळ्या मातीत अभ्रक सहसा नसते. त्यामुळे भांडे स्थानिक की बाहेरून आलेले, याचा अंदाज बांधता येतो.

भाजणी कशी? : खेळती हवा मिळाल्यास मातीतील लोह तांबडे होते, हवा कोंडल्यास ते काळवंडते आणि काजळीही मुरते. भांडे पालथे घालून भाजल्यास आतली बाजू व काठ काळे आणि बाहेरचा भाग तांबडा होतो. कॅल्साइट हे खनिज साधारण ७०० ते ८५० अंश सेल्सिअसदरम्यान विघटित होते. क्ष-किरण विवर्तनाने ते खापरात शिल्लक आढळल्यास भट्टीचे तापमान ताडता येते.

काय शिजत होते? : गॅस क्रोमॅटोग्राफीने दूध, मांस वा वनस्पतींचे स्निग्धांश वेगळे ओळखता येतात. पिष्टकणही बोलके असतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेल्या हरियाणातील फरमाणा या हडप्पाकालीन स्थळी हळद व आल्याचे पिष्टकण आढळले. अरुणिमा कश्यप व स्टीव्हन वेबर यांनी हे संशोधन केले.

वय किती? : भाजताना खनिजांतील साठलेली ऊर्जा निघून जाते आणि नंतर सभोवतालच्या किरणोत्सारामुळे ती पुन्हा साठू लागते. खापर तापविल्यावर बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून भाजणीचा काळ काढता येतो. या पद्धतीस तापदीप्ती म्हणतात.

मात्र या गणितासाठी खापराभोवतालच्या मातीचा किरणोत्सारही मोजावा लागतो. अन्नांशाच्या तपासणीतही तुलनेसाठी तीच माती हवी असते. शिवाय हाताचा स्पर्श आणि प्लॅस्टिकची पिशवी यांमुळे नमुना दूषित होतो. म्हणजेच खापराइतकीच त्याची जागाही महत्त्वाची. शिलावर्तुळे पाहायला गेलेल्या हौशी पर्यटकाने आठवण म्हणून उचललेला तुकडा घरातील शोभेची वस्तू होईल. इतिहासाचा साक्षीदार म्हणून मात्र तो जवळजवळ मुका होतो. वाढत्या शहराच्या सीमेवरील या स्थळांबाबत नागरिकांनी एवढे पथ्य पाळले, तरी पुढील संशोधनाचा मार्ग खुला राहील.