नाव नसलेला आजार

खुपऱ्या हा शब्द खानदेशातल्या म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. पापणी उलटली की आत साबुदाण्यासारखे दाणे. पुढे पापणीच आत वळायची, केस बुबुळाला घासायचे आणि हळूहळू दृष्टी जायची. सुश्रुताने याच दुखण्याला ‘पोथकी’ म्हटले, दाण्यांना मोहरीची उपमा दिली. १९०७ मध्ये जावा बेटावर हाल्बरस्टेटर आणि प्रोवाझेक या संशोधकांना त्यामागचा जंतू दिसला. तोच क्लॅमिडिया. सरकारने १९६३ मध्ये खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय मोहीम उघडली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातला हा सार्वजनिक आरोग्यप्रश्न संपल्याचे मान्य केले.

याच जंतूचे दुसरे प्रकार शरीरसंबंधातून पसरतात. त्या आजाराला मात्र मराठीत घरगुती नावच नाही.

तो किती गुपचूप राहतो, हे सुरतेत दिसले. यंत्रमागांच्या ओढीने खानदेशी माणसे ज्या शहरात उधना-लिंबायतला स्थिरावली, त्याच शहरातल्या वेश्यावस्तीत २००० साली ११८ स्त्रियांची तपासणी झाली. ८.५ टक्के जणींना क्लॅमिडिया, १६.९ टक्के जणींना परमा आणि ४३.२ टक्के जणींना एचआयव्ही. पण खरा हादरा वेगळाच होता : तपासणीच्या वेळी ५८.५ टक्के जणींना गुप्तरोगाचे कोणतेही लक्षण नव्हते. त्या काळी सरकारी दवाखान्यांत लक्षणे विचारून औषध देण्याची पद्धत होती. जिचे काही दुखतच नाही, ती बाई डॉक्टरपुढे काय सांगणार?

आणि हा प्रश्न त्या वस्तीपुरता नव्हे. नवऱ्याकडून घरी आलेला संसर्ग बायकोच्या अंगात महिनोन्महिने मुका राहतो. तो गर्भाशयातून बीजवाहिन्यांत चढतो, तिथे सूज येते, व्रण राहतात, वाट बुजते. मग मूल राहत नाही, किंवा गर्भ नळीतच रुजून जिवावर बेततो. बाळंतपणात बाळाचे डोळे येतात, कधी न्यूमोनियाही होतो. मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षे बोल मात्र एकट्या तिलाच लागतो. हा अन्याय आहे, आणि तो टाळता येण्यासारखा आहे.

निदानाला लघवीचा किंवा स्रावाचा नमुना पुरतो. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या डॉक्सिसायक्लिनचा साधारण सात दिवसांचा क्रम बहुतेकांना बरे करतो. गरोदरपणी औषध वेगळे असते. तपासणी करून औषध नवरा-बायको दोघांनीही घ्यावे, नाहीतर बरी झालेली बाई पुन्हा आजारी पडते.