शेवटचा धडा आधी

परवा मामेबहिणीचा फोन आला. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, गुरुवारी फिजिक्सचा पेपर. "दादा, हे श्रोडिंगरचं डेरिव्हेशन समजून घेऊ की पाठ करू?" मी पटकन "पाठ कर" म्हणून मोकळा झालो. मीही तेच केलं होतं. मार्क मिळाले, पण समीकरणातला 'साय' म्हणजे काय, हे शेवटपर्यंत कळलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र स्वतःचीच लाज वाटली.

मग शनिवारी रिचर्ड फाइनमनच्या लेक्चर्सचा तिसरा खंड काढून बसलो.

आपल्याकडे क्वांटम शिकवतात ते इतिहासाच्या क्रमाने. 1900 साली प्लँक, 1905 साली आइन्स्टाइन, 1913 साली बोर, आणि 1926 च्या श्रोडिंगरपर्यंत पोचेस्तोवर सेमिस्टर संपतं! फाइनमनने कॅलटेकमध्ये 1961 ते 1963 अशी दोन वर्षं पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांना फिजिक्स शिकवलं, तेव्हा हा क्रमच मोडला. सुरुवात थेट दोन फटी आणि इलेक्ट्रॉनपासून. श्रोडिंगरचं समीकरण येतं ते पार सोळाव्या प्रकरणात.

गंमत बघा. समजा, पडद्यावरच्या एका जागी प्रत्येक फटीमुळे इलेक्ट्रॉन येण्याची शक्यता 1 (एकक काहीही धरा). दोन्ही फटी उघडल्या तर 2 व्हायला हवी ना? तर नाही! कुठे 4, तर कुठे चक्क 0. कारण बेरीज शक्यतांची होत नाही, ॲम्प्लिट्यूडची होते, आणि वर्ग नंतर करायचा. 1 आणि 1 मिळून 2, त्याचा वर्ग 4. 1 आणि उणे 1 मिळून शून्य. इलेक्ट्रिकलच्या तासाला फेझर मिळवले असतील तर ही बेरीज तुम्ही आधीच केलेली आहे. 'साय' म्हणजे हेच ॲम्प्लिट्यूड. हुश्श! इतकी वर्षं लागली राव.

फाइनमनने हा प्रयोग कल्पनेतला म्हणून सांगितला होता. प्रत्यक्षात ट्युबिंगेनमध्ये क्लाउस योन्सनने इलेक्ट्रॉन वापरून फटींचा प्रयोग केलाही होता, 1961 सालीच.

मग फाइनमनचा प्रयोग यशस्वी झाला का? त्याला स्वतःला तसं वाटलं नाही. परीक्षेतली उत्तरं बघून तो प्रस्तावनेत निराशेनेच बोलतो. वर्गातल्या डझन-दोन डझन पोरांना जवळजवळ सगळं कळलं, हेही तो नोंदवतो. पुन्हा संधी मिळाली तर क्वांटम नीट शिकवीन, असंही म्हणतो. 1965 साली नोबेल मिळवणारा माणूस हे म्हणतो, म्हणजे दोष नेहमी विद्यार्थ्याच्याच डोक्याचा नसतो, एवढं तरी मान्य करायला हरकत नाही.

असो. रात्री बहिणीला परत फोन लावला. म्हटलं, "पेपरसाठी पाठ कर, नाइलाज आहे. पण आधी वीस मिनिटं कागद घे आणि दोन फटी काढ."

ती म्हणाली, "सिलॅबसमध्ये आहे का?"

"नाही," म्हटलं, "तरी काढ."