‘मेसाया’ कोणाचे?

ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात ‘मेसाया’ नावाचे व्हायोलिन आहे. आतल्या चिठ्ठीवरचा लॅटिन मजकूर सांगतो, की ते क्रेमोनाच्या आंतोनिओ स्त्रादिवारीने १७१६ मध्ये घडवले. वाद्य इतके कोरे दिसते, की ते फारसे कोणी वाजवलेच नसावे. त्या कोरेपणामुळेच संशय जन्मला. एकोणिसाव्या शतकात हे वाद्य ज्याच्याकडे वीस वर्षे होते, तो पॅरिसचा झाँ-बाप्तिस्त व्हियोम स्त्रादिवारीच्या वाद्यांच्या नकला करण्यात निष्णात होता. मग हे वाद्य अस्सल, की व्हियोमची नक्कल?

प्रथम चिठ्ठीचीच साक्ष तपासू. स्त्रादिवारीच्या नावाची चिठ्ठी हा सर्वांत कच्चा पुरावा आहे. जर्मनीतील मार्कनॉयकिर्शेन आणि फ्रान्समधील मिरकूर येथील कारखान्यांनी हाच लॅटिन मजकूर छापून हजारो स्वस्त व्हायोलिनांत चिकटवला. त्यांपैकी काही चिठ्ठ्यांवर देशाचे नावही इंग्रजीत आढळते. आयात मालावर मूळ देश नोंदवण्याची सक्ती अमेरिकेने १८९० च्या कायद्याने केली. त्यामुळे अशी चिठ्ठी असलेले वाद्य बहुधा त्यानंतरचे असते. चिठ्ठी म्हणजे केवळ एक दावा. तो खरा की खोटा, हे इतर साधनांनी ठरवावे लागते.

कागदपत्रांतून दिसणारी मालकीची साखळी अशी आहे. स्त्रादिवारी १७३७ मध्ये वारला. १७७५ मध्ये त्याचा मुलगा पाओलो याच्याशी काउंट कोझिओ दी सालाबुए याने कार्यशाळेतील उरलेल्या वाद्यांचा सौदा केला. पुढे त्या घराण्याकडून त्याने साचे आणि हत्यारेही घेतली. कोझिओ वाद्यांची मापे व वर्णने लिहून ठेवी, आणि त्याची टिपणे आज उपलब्ध आहेत. १८२७ मध्ये वाद्य लुइजी तारिसिओ या वाद्यविक्रेत्याकडे गेले. तो पॅरिसमध्ये त्याचे गुणगान करी, पण वाद्य काही आणत नसे. यावरून व्हियोमचा जावई, व्हायोलिनवादक देल्फँ आलार, याने त्या वाद्याची तुलना ज्यूंच्या मसीहाशी केली, ज्याची वाट पाहत राहावे पण जो कधी येत नाही. नाव तिथून पडले. तारिसिओ १८५४ मध्ये वारल्यावर त्याच्या वारसांकडून ते व्हियोमने घेतले. पुढे ते आलारकडे, १८९० मध्ये एडिंबरोच्या एका संग्राहकाकडे आणि अखेर लंडनच्या हिल बंधूंकडे आले. हिल बंधूंनी ते संग्रहालयाला दिले.

साखळी सलग दिसते, पण कागद वाद्याला बांधलेला नसतो. १७१६ च्या ज्या व्हायोलिनाचे वर्णन कोझिओने केले, ते हेच का, हा प्रश्न उरतोच. १९९० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातील स्ट्युअर्ट पोलेन्स यांनी नेमका तो विचारला. कोझिओचे वर्णन आजच्या वाद्याशी तंतोतंत जुळत नाही, असे त्यांनी दाखवले. शिवाय छायाचित्रांवरून केलेल्या वृक्षवलयांच्या पहिल्या तपासणीत सर्वांत अलीकडचे वलय १७३८ चे निघाले. म्हणजे स्त्रादिवारीच्या मृत्यूनंतरचे! हा आक्षेप खरा ठरता, तर वाद्य त्याचे असणे अशक्य होते.

पण ती तारीख टिकली नाही. २००० मध्ये जॉन टॉफम आणि डेरेक मॅककॉर्मिक यांनी वरच्या फळीची वलये मोजून शेवटचे वलय सतराव्या शतकातले असल्याचे सांगितले. पुढे हेन्री ग्रिसिनो-मेयर आणि सहकाऱ्यांनी आल्प्स भागातील वलयमालांशी ताडून १५७७ ते १६८७ हा काळ निश्चित केला. आता याची मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. फळी तासताना बाहेरची वलये जातात आणि लाकूड वाळवायलाही वर्षे लागतात. म्हणून १६८७ नंतर १७१६ हे वर्ष पूर्णपणे संभवते. तरीही एवढ्याने कारागीर ठरत नाही, कारण जुने लाकूड नंतरच्या माणसालाही मिळू शकते. पुढे पीटर रॅटक्लिफ यांना ‘मेसाया’ची फळी आणि १७२४ च्या ‘एक्स-विल्हेल्मी’ या स्त्रादिवारी व्हायोलिनाची फळी एकाच झाडाची असल्याचे आढळले. हा दुवा जास्त मोलाचा आहे, कारण तो लाकडाला त्याच कार्यशाळेशी जोडतो.

आणखी एक खूण आहे, आणि ती खरेदीदाराला दिसावी म्हणून केलेली नाही. जिथे तारा खुंट्यांना गुंडाळतात, त्या पेटीच्या आत ‘जी’ हे अक्षर आहे. स्त्रादिवारी आपल्या साच्यांना अक्षरांनी ओळखे आणि त्याचे साचे आजही शिल्लक आहेत. त्यांत ‘जी’ साचाही आहे. कोझिओनंतर हे साचे डल्ला व्हाल्ले घराण्याकडे होते. १९२० मध्ये जुझेप्पे फिओरिनी याने ते विकत घेतले आणि १९३० मध्ये क्रेमोनाला दान केले. म्हणजे व्हियोमच्या हयातीत ते इटलीत एका खासगी घरी होते. कार्यशाळेच्या आतल्या कामासाठी केलेल्या अशा खुणेला मी चिठ्ठीपेक्षा कितीतरी अधिक वजन देतो.

निष्कर्ष मांडतो. कोझिओच्या टिपणांतील विसंगती पूर्णपणे मिटलेली नाही आणि ती तशीच नोंदवली पाहिजे. पण अक्षर, साचा आणि झाड ही एकमेकांवर न विसंबणारी साधने एकाच कार्यशाळेकडे बोट दाखवतात. त्या आधारावर ‘मेसाया’ स्त्रादिवारीचेच मानणे योग्य आहे.

आपल्या घरी जुने व्हायोलिन असेल, तर चिठ्ठीवरील नावाने हुरळून जाऊ नका. दुरुस्तीला देण्याआधी चिठ्ठी, आतली अक्षरे आणि पेन्सिलीच्या खुणा यांची छायाचित्रे घ्या आणि काहीही खरवडू देऊ नका. खूण एकदा पुसली गेली, तर कोणताही अभ्यासक ती परत आणू शकत नाही.