जुने घर घेऊन दुरुस्ती करताय? राहायला जाण्यापूर्वी आरोग्याच्या दृष्टीने काय पाहावे

गृहकर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो, भाड्याच्या घराचा करार संपत आलेला असतो आणि गुरुजींनी गृहप्रवेशाचा मुहूर्त काढून दिलेला असतो. घराचे काम मात्र अर्धेच झालेले असते. मग बहुतेक कुटुंबे ठरवतात, की दोन खोल्या तयार आहेत तिथे राहू, उरलेले काम राहता राहता होईल. ‘डॉक्टर, नव्या घरात आल्यापासून खोकला जातच नाही’ ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या अनेकांची कहाणी इथूनच सुरू झालेली असते.

दोन्हीकडचा खर्च सोसणे किती अवघड असते, याची मला कल्पना आहे. तरीही घरात लहान मूल, गर्भवती स्त्री, दमा किंवा सीओपीडीचा रुग्ण असेल, किंवा कोणी केमोथेरपी वा दीर्घकाळ स्टिरॉइड घेत असेल, तर तोडफोड आणि रंगकाम संपेपर्यंत निदान त्या व्यक्तीने तिथे राहू नये. माहेरी, गावी, भावाकडे, कुठेही सोय करा. मुहूर्त पाळायचा असेल तर कलश ठेवा, दूध उतू घाला, पूजा करा आणि मुक्कामाला जुन्या घरी परत या.

घर पाहायला जाल तेव्हा

शक्य असेल तर जुने घर जुलै-ऑगस्टमध्ये पाहा. मार्च महिन्यात कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत पावसाळ्यात खरे रूप दाखवते. घर विकण्याआधी रंगाचा एक हात मारून ओल झाकणे ही जुनी युक्ती आहे. त्यामुळे एखाद्याच भिंतीला ताजा रंग दिसला तर कारण विचारा. कपाटाचे दार उघडून वास घ्या. पलंगामागची भिंत, स्वयंपाकघरातील सिंकखालची जागा आणि बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमची भिंत हाताने चाचपून पाहा. रंगाचे फुगे, सुटलेले पापुद्रे, पांढरी क्षारांची भुकटी आणि कुबट वास या ओलीच्या खुणा आहेत.

ओल आली की बुरशी येते. बुरशीचे बीजाणू हवेत मिसळले की सर्दी, शिंका, डोळ्यांना खाज असे त्रास होतात आणि दमा असणाऱ्याचा दमा बळावतो. ज्यांची प्रतिकारशक्ती फारच कमी झाली आहे, त्यांच्या फुप्फुसात ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. तोडफोडीच्या धुळीत हे बीजाणू भरपूर असतात.

काळ्या डागांवर ब्लीच फासून वर नवा रंग दिला, तर डाग पुढच्या पावसाळ्यात परत येतात. आधी गळती थांबवायची, मग खराब प्लास्टर काढायचे, भिंत पूर्ण वाळू द्यायची आणि मगच रंग द्यायचा. रंगारी घाई करतो, कारण त्याला पुढचे काम गाठायचे असते. तुम्ही घाई करू नका.

तोडफोडीची धूळ

सिमेंट, विटा, टाइल आणि ग्रॅनाइट कोरडे कापताना सिलिकाचे अतिसूक्ष्म कण उडतात. घरातल्या माणसाला काही आठवड्यांच्या धुळीने सहसा खोकला, घशाची खवखव किंवा दम्याचा झटका येतो. वर्षानुवर्षे कटर चालवणाऱ्या कामगाराला मात्र सिलिकोसिस होतो आणि तो पूर्ण बरा करणारे औषध नाही. कंत्राटदाराशी दर ठरवतानाच ‘पाणी मारत कापायचे’ ही अट घाला आणि कामगारांना एन-९५ मास्क द्या. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. लाखोंच्या कामात मास्कचा खर्च दिसतही नाही.

दुसरा धोका जुन्या ऑइलपेंटचा. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा केंद्र सरकारचा नियम २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या दारे-खिडक्या, ग्रिल आणि कठड्यांवर शिसे असू शकते, असे धरूनच चाला. कामगार पॉलिश पेपरने कोरडे घासतात तेव्हा ते धुळीत मिसळते. रांगणारे मूल हात जमिनीला लावते, तोच हात तोंडात घालते आणि शिसे पोटात जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. गर्भवतीच्या रक्तातून ते बाळापर्यंत पोहोचते. शरीरात लोह कमी असेल तर आतड्यातून शिसे जास्त शोषले जाते आणि आपल्याकडे लहान मुले व स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता सर्रास आढळते.

म्हणून जुना रंग ओला करून खरवडा, आगीच्या झोताने जाळून काढू नका आणि झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा. मूल अशा धुळीत राहिले असेल तर रक्तातील शिशाची तपासणी करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पातळी दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आली, तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करायला हवे.

बैठ्या घराचे सिमेंटचे पत्रे आणि जुन्या इमारतींमधील सिमेंटचे पाइप यांत बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस असते. धडधाकट पत्रा छपरावर असेपर्यंत सहसा त्रास देत नाही. तो फोडला, कापला किंवा त्याला भोके पाडली, की तंतू हवेत सुटतात. त्यांच्यामुळे होणारा फुप्फुसाचा किंवा त्यावरील आवरणाचा कर्करोग कित्येक दशकांनी उघड होतो. त्यामुळे असा पत्रा भिजवून, न फोडता, अख्खा उतरवायला सांगा.

बंद पडलेल्या घराच्या बाल्कनीत आणि डक्टमध्ये कबुतरांचे राज्य असते. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून बराच वाद झाला, पण डॉक्टर या विष्ठेबद्दल आधीपासून सांगत आले आहेत. विष्ठा आणि पिसांच्या कणांमुळे काही जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो. कोरडा खोकला येतो, जिना चढताना दम लागतो, वजन घटते. सुरुवातीला छातीचा एक्स-रे अगदी ठीक येऊ शकतो, म्हणून ‘ॲलर्जीच आहे’ म्हणत महिने निघून जातात. विष्ठा कोरडी झाडू नका. मास्क लावून, पाणी मारून, खोल्यांची दारे बंद ठेवून काढा आणि नंतर जाळी लावून घ्या.

बाथरूम, आणि त्यातला गॅस गिझर

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा. नूतनीकरणात जुन्या बाथरूमचा रंगरूप बदलतो आणि त्यात बऱ्याचदा वरची जाळीची खिडकी काच लावून बंद केली जाते. कारण काय, तर बरे दिसत नाही, डास येतात. गॅस गिझर मात्र तिथेच आत राहतो. बंद जागेत गॅस जळू लागला की प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आंघोळ करणाऱ्याला डोके जड वाटते, मळमळते, पायातले बळ जाते आणि तो कोसळतो. काहींना झटके येतात. अशा रुग्णांना फिट्सचा आजार समजून गोळ्या सुरू झाल्याचीही उदाहरणे आहेत, कारण आंघोळीची हकिकत कोणी विचारलेलीच नसते.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. तो कार्बन मोनॉक्साइडलाही प्राणवायू समजून ९८ किंवा ९९ दाखवू शकतो. आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबू नका.

गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या ड्राय बाल्कनीत लावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. एक्झॉस्ट पंखा लावला की झाले, असे समजू नका. कोणी आत कोसळले तर दार उघडा, नसेल उघडत तर फोडा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा.

याच कारणासाठी बाथरूमचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे करा. आत पडलेल्या माणसाच्या अंगामुळे आत उघडणारे दार अडते. सासूबाई किंवा वडील घरात असतील तर कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा, खरखरीत फरशी आणि रात्री जाताना लागणारा दिवा आताच करून घ्या. वृद्धांचे मांडीचे हाड मोडण्याचा प्रसंग ओल्या, गुळगुळीत फरशीवर सहज ओढवतो. सक्शनवर चिकटणारे दांडे विकत मिळतात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. वायरिंग जुने असेल तर अर्थिंग तपासून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या.

काम सुरू असतानाच्या बाकीच्या गोष्टी

बांधकामासाठी भरून ठेवलेल्या पिंपांत डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. पिंप झाका, आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासा. छपरावरची टाकी गाळ काढून, धुऊन, क्लोरीन टाकून मगच वापरा.

चुना किंवा ओले सिमेंट डोळ्यात गेले तर डोळा चोळू नका. लगेच नळाच्या पाण्याखाली धरून किमान पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. गंजका खिळा पायात घुसला आणि शेवटचे धनुर्वाताचे इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचे असेल तर डॉक्टरांना दाखवा.

शेवटी फरशी ॲसिडने धुतात, तेव्हा घरात थांबू नका. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू तयार होतो आणि श्वास कोंडतो. पेस्ट कंट्रोल करणाऱ्याकडून औषधाचे नाव लिहून घ्या. फॉस्फिन वायू सोडणाऱ्या गोळ्या राहत्या इमारतीत वापरू देऊ नका. तो वायू फटींमधून शेजारच्या घरात जातो आणि जीव घेऊ शकतो.

मग राहायला कधी जावे?

रंग आणि फर्निचरचे पॉलिश पूर्ण झाल्यावर दोन ते चार आठवडे दारे-खिडक्या उघड्या ठेवून घर मोकळे सोडा, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो. हे आकडे अनुभवातले आहेत, काटेकोर नियम नाही. सकाळी कुलूप उघडल्याबरोबर डोळे चुरचुरत असतील किंवा वासाने डोके धरत असेल, तर आणखी थांबा. वास मारायला अगरबत्ती किंवा रूम फ्रेशनर वापरू नका, त्याने हवेत भरच पडते. दम्याच्या रुग्णांनी रोजचा प्रतिबंधक इन्हेलर या काळात एकही दिवस चुकवू नये आणि तातडीचा इन्हेलर सामानाच्या खोक्यात न भरता खिशात ठेवावा.

खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकला, छातीत शिट्टीसारखा आवाज येऊ लागला किंवा रात्री दम लागून जाग आली तर डॉक्टरांकडे जा. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. डॉक्टरांना एवढे जरूर सांगा: घर किती जुने आहे, सध्या कोणते काम चालू आहे, गिझर कुठे आहे, बाल्कनीत कबुतरे आहेत का आणि दोन दिवस दुसरीकडे राहिल्यावर बरे वाटते का. आम्ही घाईत हे विचारायचे विसरतो.