एका म्यानात दोन तलवारी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण म्हणतो. जीवाणूंच्या पेशीतील प्लाझ्मिडांना ही म्हण कधी लागू पडते, कधी पडत नाही.

प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूच्या गुणसूत्राहून वेगळे, स्वतःची नक्कल स्वतंत्रपणे करून घेणारे, बहुधा वर्तुळाकार डीएनए. हे नाव जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली दिले. १९५९ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात साल्मोनेलाची साथ आली. त्यातील काही जीवाणू अनेक औषधांना दाद देत नव्हते आणि हा गुण इतर जीवाणूंनाही देत होते, असे नाओमी दत्ता यांना आढळले. असे गुण वाहून नेणाऱ्या प्लाझ्मिडांचे वर्गीकरण दत्ता आणि हेजेस यांनी १९७१ साली मांडले. कसोटी साधी होती. दोन प्लाझ्मिडे एका पेशीत घालायची. पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही टिकली तर त्यांचे गट वेगळे. एकाने दुसऱ्याला हुसकावले तर गट एकच.

असे का होते? प्रत्येक प्लाझ्मिडावर नक्कल सुरू होण्याची एक जागा असते. तिला आरंभस्थान म्हणू. कोल-ई-१ हे प्लाझ्मिड एक छोटा आरएनए तयार करते. प्रती वाढल्या की हा आरएनएही वाढतो आणि नवी नक्कल रोखतो. एकाच गणवेशातील दोन शाळांची मुले मोजणाऱ्याला वेगळी ओळखता येत नाहीत. तसेच, आरंभस्थान सारखे असले की हा आरएनए दोन्ही प्लाझ्मिडांना सारखाच आवरतो. एकूण संख्या ठरावीक राहते, पण नक्कल कोणाची व्हावी हे योगायोगावर ठरते. पेशी विभागत गेल्या की काहींच्या वाट्याला एकच प्रकार उरतो.

जनुक-अभियंत्यांना हाच नियम उपयोगी पडला. १९७७ मध्ये तयार झालेल्या पीबीआर३२२ चे आरंभस्थान कोल-ई-१ च्या जातीचे होते. १९७८ साली चँग आणि कोहेन यांनी पी१५ए चे आरंभस्थान वापरून पीएसीवायसी१८४ तयार केले. त्याचा आरएनए पुरेसा वेगळा असल्याने ही दोन्ही एका पेशीत सुखाने नांदतात. त्यामुळे दोन जनुके दोन प्लाझ्मिडांवरून एकाच जीवाणूत घालता येतात.

मात्र याच नियमाने, वेगवेगळ्या गटांतील प्लाझ्मिडे एकाच रोगजंतूत जमतात आणि त्याच्यावर चालणारी औषधे कमी होत जातात.

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा: दोन्ही प्लाझ्मिडांवर एकाच औषधाला दाद न देणारे जनुक असेल, तर दोन्ही असलेली पेशी निवडायची कशी?