जठर कर्करोगातील वर्तुळाकार आरएनए
कोशिकेतील रिबोन्यूक्लिइक अम्लाचा (आरएनएचा) रेणू सामान्यतः दोन टोके असलेल्या धाग्यासारखा असतो. ज्याची टोके परस्परांस रासायनिक बंधाने जोडली जाऊन बंद कडे तयार होते, त्यास वर्तुळाकार आरएनए म्हणतात. टोकापासून विघटन करणाऱ्या एंझाइमांचा त्यावर परिणाम होत नसल्याने तो अधिक टिकतो.

असे रेणू १९७६ मध्ये एच. एल. झेंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिरॉइड या वनस्पतिरोगकारकांत दाखविले. १९७९ मध्ये ते संवर्धित प्राणिकोशिकांतही आढळले. १९९१ मध्ये अमेरिकेत बर्ट फोगेलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंधित डीसीसी जनुकाचा अभ्यास होत असता, त्याच्या काही आरएनए रेणूंत जनुकखंडांचा क्रम उलटसुलट झालेला दिसला. अशा क्रमाचे रेणू वर्तुळाकार असू शकतात, हे १९९३ मध्ये एट्स-१ जनुकावरून स्पष्ट झाले. तथापि ही केवळ खंडजोडणीतील चूक होय, असे मानून पुढे सुमारे वीस वर्षे या रेणूंकडे दुर्लक्ष झाले.

२०१३ मध्ये डेन्मार्क व जर्मनी येथील दोन गटांनी हा समज बदलला. एका वर्तुळाकार आरएनएवर ‘एमआयआर-७’ या सूक्ष्म आरएनएला बांधणारी सत्तरांहून अधिक स्थाने असून तो त्यास स्पंजाप्रमाणे धरून ठेवतो, असे त्यांनी दाखविले.

जठर कर्करोगाविषयीचे बरेचसे संशोधन चीनमध्ये झाले. २०१५ मध्ये ‘००२०५९’ क्रमांकाच्या वर्तुळाकार आरएनएचे प्रमाण अर्बुदाच्या ऊतकात लगतच्या निरोगी ऊतकापेक्षा कमी आढळले. २०१७ मध्ये ‘सर्क-पीव्हीटी१’ कोशिकांच्या वाढीस चालना देतो, तर ‘सर्क-एलएआरपी४’ तिला आळा घालतो, असे वर्णन प्रसिद्ध झाले. म्हणजेच सर्व वर्तुळाकार आरएनए एकाच दिशेने कार्य करीत नाहीत.

या संशोधनाचे महत्त्व रोगाच्या स्वरूपात आहे. २०२२ मध्ये जगात जठर कर्करोगाचे सु. ९·७ लक्ष नवे रुग्ण व ६·६ लक्ष मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. आरंभीची लक्षणे अपचनासारखी असल्याने निदानास विलंब होतो. रक्तद्रवातही सापडणारा हा टिकाऊ रेणू लवकर निदानास उपयुक्त ठरेल, अशी आशा आहे. परंतु पुष्कळ निष्कर्ष मर्यादित रुग्णसमूहांवर आधारलेले असून प्रयोगशाळेतील परिणाम मानवी शरीरात तसाच घडेल, असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे अंतर्दर्शकाने जठराची तपासणी करून काढलेल्या ऊतकाची सूक्ष्मदर्शकीय परीक्षा हाच निदानाचा आधार आहे.