चंचीतली तंबाखू आणि घशाचा कर्करोग

आपल्याकडे पाहुणा ओसरीवर टेकला की पाण्याचा तांब्या पुढे येतो आणि त्याच्या पाठोपाठ पानाचे तबक, नाहीतर चंची. प्रवासात अनोळखी माणसाकडेही चिमूटभर तंबाखू मागायला कुणाला संकोच वाटत नाही. इतकी ही वस्तू आपली झाली आहे. पण इतिहास पाहिला तर ती आपली नव्हे. अमेरिका खंडातून ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली आणि दक्षिणेत प्रथम रुजली. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा बादशहासाठी तो तंबाखू घेऊन गेला. बादशहाने हौसेने दोन झुरके घेतले. दरबारातल्या हकिमाने मात्र हरकत काढली. त्याचे म्हणणे असे, की ही वनस्पती अनोळखी आहे. वैद्यांच्या ग्रंथांत तिच्याविषयी काही लिहिलेले नाही. मग ती बादशहांना कशी द्यावी? हकीम पुरावा मागत होता. तो पुरावा गोळा व्हायला पुढे तीनशे वर्षे लागली, आणि त्यातला मोठा वाटा आपल्याच देशात, आपल्याच मुंबईत जमला. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात कर्करोग फारसा होत नाही, असा समज होता. दक्षिणेत काम करणाऱ्या डॉक्टरांना वेगळेच दिसत होते. त्रावणकोरातील डॉ. बेंटॉल यांनी १९०८ साली कर्करोगाच्या १,७०० रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. १९३३ साली डॉ. ऑर यांनी त्याच मुलखातल्या पानतंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातील कर्करोगावर लिहिले. संशय पानाच्या विड्यावर होता. पण संशय म्हणजे काही सिद्धता नव्हे.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथे रोगनिदानाची प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. रोग्याच्या शरीरातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हे त्यांचे काम. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तोंडात गाठ नेमकी कोठे आहे आणि हा माणूस रोज काय खातो, काय ओढतो, हे दोन्ही ते विचारू लागले. १९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी सवयी आणि कर्करोग यांचा संबंध मांडला. बिहारकडचा माणूस चुना लावून मळलेली खैनी खालच्या ओठाच्या आत धरतो. त्याला रोग तेथेच होतो. आंध्र किनाऱ्यावर काहीजण, विशेषतः स्त्रिया, चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात ठेवून ओढतात. त्यांना रोग टाळूला होतो. म्हणजे रोगाच्या जागेवरून सवय ओळखता येत होती.

तरीही एक शंका उरते. गावात तंबाखू खाणारे पुष्कळ. त्यांतल्या थोड्यांनाच रोग होतो. मग दोष तंबाखूचा कशावरून? तुमच्या गावातले ऐंशी वर्षांचे आजोबा अजून बार भरतात आणि ठणठणीत आहेत, हे मलाही अनेकांनी ऐकवले आहे. याचे उत्तर एका माणसाकडे पाहून मिळत नाही. रोगी घ्यावेत, रोग नसलेली माणसेही घ्यावीत, दोघांना तेच प्रश्न विचारावेत आणि मग आकडे शेजारी मांडावेत. संघवी, राव आणि खानोलकर यांनी हेच केले व १९५५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. तंबाखू चघळणाऱ्यांत मुख्यतः तोंडाचा कर्करोग वाढलेला दिसला. विडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाचा आणि घशाचा. गणित शिकवणाऱ्या गुरुजींनी हा हिशेब मुलांना अवश्य समजावून सांगावा.

पुढे संशोधक रुग्णालय सोडून खेड्यांत गेले. डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासली. तो अहवाल १९७२ साली निघाला. कर्करोगाच्या अगोदर पुष्कळदा पांढरा चट्टा दिसतो, हे या कामातून पक्के होत गेले. मग याच परंपरेतल्या संशोधकांनी देशाच्या तीन जिल्ह्यांत सुमारे ३६,००० तंबाखूसेवकांना भेटून, समजावून, प्रचार करून पाहिले. १९८६ साली निष्कर्ष आला : ज्यांना समजावले त्यांच्यात सवय सोडणारे अधिक निघाले, आणि नवे चट्टे कमी झाले. सुटत नाही म्हणतात ती सवय सुटते, आणि सुटली की फायदा होतो. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक तज्ज्ञांनी २००४ साली मान्य केले. तेव्हा तंबाखू नाही, फक्त सुपारी आहे, या बोलण्यात अर्थ नाही.

उपचारांतही आपल्या लोकांनी भर घातली. तोंडातला रोग पुढे सरकतो तो बहुधा मानेतल्या गाठींकडे. गाठ हाताला लागत नसतानाही मानेची शस्त्रक्रिया आधीच करावी की वाट पाहावी, हा जुना वाद होता. टाटा रुग्णालयाच्या डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी ५०० रोग्यांवरून २०१५ साली तो बराचसा मिटवला. आधी शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी तीन वर्षांनी शंभरात ८० जगले. वाट पाहिलेल्यांपैकी सुमारे ६७.

हे सगळे वेळेवर येणाऱ्यासाठी. आपल्याकडे अडचण तीच आहे. आरंभी हा रोग दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस घरी बसतो. कुणी भीतीने लपवतो, कुणी पूर्वकर्माला बोल लावतो. केरळात गावोगाव फिरणाऱ्या साध्या आरोग्यसेवकांना शिकवून तोंडे तपासली. तंबाखू वा दारूची सवय असलेल्यांतले या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, असे २००५ साली दिसले. त्या सेवकांचे साधन म्हणजे उजेड आणि डोळे.

तेव्हा महिन्यातून एकदा चूळ भरून, उजेडात आरशासमोर उभे राहा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पुरते न उघडणे, घोगरा राहिलेला आवाज, गिळताना अडणे, मानेतली गाठ, यांतले काही आढळले तर डॉक्टरांना दाखवा. घरात मशेरी लावणारी आजी असेल तर तिच्याही तोंडात पाहा. ती स्वतःहून सांगणार नाही. आणि उद्या पाहुणा आला तर पाण्याच्या तांब्यामागून गूळ येऊ द्या. आदरातिथ्य तेवढेच होईल.